पेशी मेल्यावर उरलेला द्रव: मायटोकॉन्ड्रियावर नेम धरणाऱ्या नॅनोकणांचं एक प्रकरण

2013 साली ‘एसीएस नॅनो’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातला एक शोधनिबंध आला. रसायनशास्त्र विभागातल्या शांता धर आणि पशुवैद्यक महाविद्यालयातले रोगप्रतिकारशास्त्रज्ञ डोनाल्ड हार्न यांच्या गटांनी मिळून हे काम केलं होतं. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत प्रकाशाने जागं होणारं रसायन भरलेले नॅनोकण सोडायचे, ते पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांपाशी, म्हणजे मायटोकॉन्ड्रियापाशी पोहोचले की लाल लेसर टाकायचा आणि पेशी मारायच्या. इथपर्यंतची वाट तेव्हाही बरीच मळलेली होती. पुढचं पाऊल मात्र वेगळं होतं. पेशी मेल्यावर त्यांच्या वर उरलेला द्रव या लोकांनी काढून घेतला, तो डेंड्रायटिक पेशींना, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला शत्रू ओळखायला शिकवणाऱ्या पेशींना दिला, आणि त्या पेशींनी इंटरफेरॉन-गॅमा हे प्रतिकारयंत्रणेला चेतवणारं प्रथिन भरपूर प्रमाणात तयार केलं.

प्रकाश आणि नॅनोकण हे शब्द एकत्र आले की रुग्णाच्या शरीरावर लेसर रोखलेला डॉक्टर आपल्या डोळ्यांसमोर येतो. या प्रकरणात तो डॉक्टर कुठेच नाही. प्रकाश बशीतल्या पेशींवर पडतो आणि शरीरात जायचं असतं ते त्यातून तयार झालेलं लशीसारखं काहीतरी. मला या कामाचं महत्त्व तिथेच वाटतं, म्हणून ते तपशीलवार मांडतो आहे.

प्रकाशाच्या उपचाराची आधीची अडचण

रंगद्रव्य आणि प्रकाश यांनी मिळून पेशी मरतात हे 1900 च्या सुमारास म्युनिकमध्ये लक्षात आलं. ऑस्कर राब हा वैद्यकीय विद्यार्थी हर्मान फॉन टापायनर यांच्या हाताखाली ॲक्रिडिन हा रंग पॅरामेशियम या एकपेशीय जीवावर तपासत होता. रंगाची मात्रा तीच ठेवली तरी जीव कधी लवकर मरत, कधी कितीतरी उशिरा. फरक उजेडाचा निघाला. पुढे याच तत्त्वावर फोटोडायनॅमिक उपचार उभा राहिला आणि 1990 च्या दशकात फोटोफ्रिन या औषधाला आधी कॅनडात, मग 1995 मध्ये अमेरिकेत अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

या उपचाराला तीन गोष्टी एकाच जागी, एकाच वेळी लागतात: रंगद्रव्य, प्रकाश आणि ऑक्सिजन. रंगद्रव्य प्रकाश शोषून घेतं आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतं. त्यातून सिंगलेट ऑक्सिजन तयार होतो. हा इतका उतावीळ असतो की जे समोर येईल त्याच्याशी ताबडतोब अभिक्रिया करतो. पेशीच्या आत तो जेमतेम काही डझन नॅनोमीटर सरकतो आणि संपतो. माणसाची पेशी साधारण 10 ते 20 मायक्रोमीटर, म्हणजे 10,000 ते 20,000 नॅनोमीटर रुंद. थोडक्यात, रंग जिथे, घाव तिथे.

अडचणीही याच तीन गोष्टींतून येतात. लाल प्रकाश ऊतींमध्ये काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर शिरतो. गाठीच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी असतो, म्हणजे प्रकाश पोहोचला तरी घाव बसेलच असं नाही. आणि फोटोफ्रिनसारखं औषध त्वचेतही रेंगाळतं, त्यामुळे रुग्णाला किमान महिनाभर उन्हापासून जपून राहावं लागतं. प्रकाश आत नेण्याचे मार्ग निघाले आहेत. पॅडेलिपॉर्फिन या औषधासाठी प्रोस्टेट ग्रंथीत बारीक प्रकाशतंतू खुपसतात. त्याला युरोपात 2017 मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेत मात्र 2020 मध्ये सल्लागार समितीने विरोधात मत दिलं. शरीरात खोलवर प्रकाश नेणं शक्य आहे, पण सोपं नाही.

कणाची घडण

धर यांच्या गटाने निवडलेलं रंगद्रव्य म्हणजे झिंक थॅलोसायनिन. ते 670 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोमाने शोषतं. गुण मोठा आहे, पण खोडही तेवढीच मोठी. हा रेणू सपाट, मोठा आणि पाण्यात जवळपास अजिबात न विरघळणारा. पाण्यात सोडला की रेणू एकमेकांवर थर लावून बसतात, आणि असे चिकटलेले रेणू शोषलेली ऊर्जा उष्णतेत घालवतात. सिंगलेट ऑक्सिजन फारसा बनतच नाही. म्हणजे नॅनोकणाची पहिली गरज नेम धरण्यासाठी नव्हतीच. रंगद्रव्य सुटं राहावं आणि पेशीपर्यंत कामाच्या अवस्थेत पोहोचावं, एवढ्यासाठीच आधी कण लागला.

कणाचा गाभा पीएलजीए या बहुवारिकाचा (पॉलिमरचा). शरीरात तो लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लात मोडतो. विरघळणारे टाके आणि महिनोन्महिने हळूहळू औषध सोडणारी इंजेक्शनं यांत तो पूर्वीपासून वापरात आहे. त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं आवरण, आणि आवरणाच्या टोकाला ट्रायफिनाइलफॉस्फोनियम, म्हणजे टीपीपी. हे टोक मायटोकॉन्ड्रियाचा पत्ता सांगतं.

ही रचना अचानक सुचलेली नाही. धर यांनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पीएच.डी. करताना प्रकाशाने डीएनए तोडणाऱ्या धातुसंयुगांवर काम केलं होतं. पुढे एमआयटीत स्टीफन लिपर्ड यांच्याकडे, रॉबर्ट लँगर आणि ओमिद फारोखझाद यांच्या सहकार्याने, त्यांनी सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधाचं पूर्वरूप पीएलजीएच्या नॅनोकणांत भरून प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींपर्यंत पोहोचवलं. तो निबंध 2008 चा. जॉर्जियात आल्यावर शॉन माराश यांच्यासोबत 2012 मध्ये त्यांनी टीपीपी लावलेल्या कणांची एक मालिकाच तपासली. लोनिडामिन, करक्युमिन अशी निरनिराळी औषधं त्यात भरून पाहिली. 100 नॅनोमीटरपेक्षा लहान आणि पृष्ठभागावर चांगला धन प्रभार असलेले कण मायटोकॉन्ड्रियाकडे सर्वांत चांगले जातात, असं त्यातून दिसलं. वर्षभराने त्याच कणात झिंक थॅलोसायनिन आलं. प्रकाश, धातू आणि पीएलजीए हे तिन्ही धागे एकाच बशीत कसे आले, हे यावरून कळतं.

मायटोकॉन्ड्रियापर्यंत पोहोचणं म्हणजे नक्की काय

इथे जरा थांबायला हवं, कारण याच जागी बहुतेक लेख घाईने पुढे सरकतात.

टीपीपीमध्ये फॉस्फरसच्या अणूभोवती तीन बेंझीन वलयं असतात. अणूवर धन प्रभार आहे, पण तो वलयांच्या तेलकट पसाऱ्यात पसरलेला आणि झाकलेला आहे. त्यामुळे हा रेणू प्रभारित असूनही स्निग्ध पटल पार करू शकतो, एरवी प्रभारित कणांना ते जमत नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावर 150 ते 180 मिलिव्होल्टचा विद्युतदाब असतो आणि आतली बाजू ऋण असते. पेशीच्या बाहेरच्या पटलावरही 30 ते 60 मिलिव्होल्ट असतात. नर्न्स्टच्या समीकरणानुसार साधारण दर 60 मिलिव्होल्टला एकपट धन प्रभाराचे रेणू आतल्या बाजूला दहापट जमतात. हिशोब केला तर बाहेरच्या पटलावर तीन ते दहापट, आणि मायटोकॉन्ड्रियात आणखी काहीशेपट. अनेक कार्सिनोमा पेशींत हा विद्युतदाब सामान्य पेशींपेक्षा जास्त असतो, हे 1980 च्या दशकापासून माहीत आहे. सगळ्या कर्करोगांत मात्र तो तसा नसतो.

पण हा हिशोब सुट्या रेणूचा आहे. 80-90 नॅनोमीटरच्या अख्ख्या कणाला तो तसाच लावता येत नाही. मायटोकॉन्ड्रियात प्रथिनं ओढून घेणारी छिद्रं जेमतेम दोन-तीन नॅनोमीटरची असतात; आख्खा कण तिथून आत जाणं कठीण. शिवाय कण पेशीत शिरतो तो पटलाच्या पिशवीत गुंडाळला जाऊन, आणि आधी त्या पिशवीतून त्याला सुटावं लागतं. त्यामुळे ‘कण मायटोकॉन्ड्रियात गेला’ असं वाचलं की मी ते ‘कण मायटोकॉन्ड्रियाला चिकटला किंवा अगदी लगत आला, आणि तिथे रंगद्रव्य सोडलं’ असं वाचतो.

आणि प्रकाशाच्या औषधाला तेवढंच पुरतं! सिस्प्लॅटिनला मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएपर्यंत जायचं तर दोन्ही पटलं ओलांडावी लागतात. सिंगलेट ऑक्सिजनला काही डझन नॅनोमीटरचीच मजल मारायची असते. रंगद्रव्य पटलाशी बसलं की पटलातलं कार्डिओलिपिन हे स्निग्ध द्रव्य, पेशी जगेल की मरेल हे ठरवणारी बीसीएल-2 कुळातली प्रथिनं, सगळं त्याच्या टप्प्यात येतं. मायटोकॉन्ड्रिया आणि प्रकाशाने चालणारं रसायन यांची जोडी मला म्हणून अचूक वाटते: या रसायनाला आत शिरण्याची सक्ती नाही.

बशीतला प्रयोग

पेशी घेतल्या एमसीएफ-7. मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये एका रुग्णाच्या फुप्फुसाभोवती साचलेल्या पाण्यातून ही पेशीमालिका काढली गेली आणि 1973 मध्ये प्रसिद्ध झाली. इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणारी ही मालिका जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढवली जाते. या पेशींना टीपीपी लावलेले कण दिले, तुलनेसाठी टीपीपी नसलेले कणही दिले आणि 660 नॅनोमीटरचा लेसर टाकला.

औषध तपासण्याच्या नेहमीच्या पद्धतीत यापुढे काय होतं ते पाहा. पेशींवरचा द्रव पिपेटने काढून टाकतात, ताजं माध्यम घालतात, किती पेशी जिवंत आहेत हे दाखवणारं रसायन मिसळतात, आकडा घेतात. काढलेला द्रव कचऱ्यात जातो. या प्रकरणात जो द्रव महत्त्वाचा ठरला तो हाच. मरणाऱ्या पेशींनी बाहेर टाकलेली प्रथिनं, त्यांचे तुकडे, धोक्याचे रासायनिक इशारे, सगळं त्यात होतं. तो वाढवलेल्या डेंड्रायटिक पेशींवर घातला. मायटोकॉन्ड्रियावर नेम धरलेल्या कणांनी मारलेल्या पेशींच्या द्रवाने या पेशी ठळकपणे चेतवल्या.

डेंड्रायटिक पेशी राल्फ स्टाइनमन आणि झानव्हिल कोन यांनी 1973 मध्ये रॉकफेलर विद्यापीठात वर्णिल्या. परक्या वस्तूचा तुकडा उचलायचा, तो टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या लढवय्या पेशींना दाखवायचा आणि ‘हे शोधा’ असा आदेश द्यायचा, हे त्यांचं काम. तुकडा नुसता उचलून भागत नाही. सोबत धोक्याचा इशारा नसेल तर त्याच पेशी टी-पेशींना उलट गप्प बसायला शिकवतात. कर्करोगाच्या लशींचं गाडं वर्षानुवर्षं इथेच अडत आलं आहे. गोठवून-वितळवून फोडलेल्या गाठीच्या पेशींत खुणा, म्हणजे कर्करोग ओळखायला उपयोगी पडणारी प्रथिनं, भरपूर असतात, पण इशारा क्षीण असतो. प्रकाशाने मारलेल्या पेशी इथे सरस ठरतात, हे रॉझवेल पार्क या अमेरिकेतल्या कर्करोग संस्थेमधल्या सँड्रा गोलनिक आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये उंदरांवर दाखवलं होतं. जॉर्जियाच्या कामाने त्यात पेशीच्या आतला नेमका पत्ता घातला.

गुपचूप मरण की गाजावाजा?

एक प्रश्न मला बराच काळ छळत राहिला. मायटोकॉन्ड्रियाचं पटल फुटलं की सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर येतं आणि पेशी ॲपोप्टोसिसने मरते, हे शाओडोंग वांग यांच्या 1996 च्या कामापासून पाठ्यपुस्तकात आहे. पण ॲपोप्टोसिस म्हणजे गुपचूप मरण. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी असंच मरतात आणि प्रतिकारयंत्रणा ढिम्म राहते. मग मायटोकॉन्ड्रियावर घाव घातल्याने उलट गाजावाजा का व्हावा?

निबंधात लेखकांनी थायमिक स्ट्रोमल लिम्फोपोएटिन या इशाऱ्याकडे आणि इतर काही घटकांच्या एकत्रित परिणामाकडे बोट दाखवलं आहे. त्याला मी एक जोड देतो. ही माझी मांडणी आहे, निबंधाची नव्हे. मायटोकॉन्ड्रिया मुळात जीवाणूंचे वंशज. त्यांचा वर्तुळाकार डीएनए आणि फॉर्मिल गट लावलेली त्यांची प्रथिनं प्रतिकारयंत्रणेला जीवाणूसारखीच दिसतात. मोठ्या अपघातातल्या जखमींच्या रक्तात मायटोकॉन्ड्रियाचे असे तुकडे सापडतात आणि संसर्ग नसतानाही दाह पेटवतात, हे 2010 मध्ये ‘नेचर’मध्ये आलं आहे. सावकाश, शिस्तीत होणाऱ्या ॲपोप्टोसिसमध्ये कॅस्पेज नावाची विकरं हे तुकडे आवरून ठेवतात. प्रकाशाचा घाव काही मिनिटांत पडतो आणि मायटोकॉन्ड्रियाची रेणुसामग्री ऑक्सिडीकृत करून टाकतो. आवराआवर होण्याआधीच तुकडे बाहेर पडत असावेत, असं मानायला जागा आहे. हे खरं असेल तर प्रकाश किती वेळ आणि किती तीव्रतेने टाकला यावर इशाऱ्याची ताकद ठरेल. मंद प्रकाशात पेशी मरतील तेवढ्याच, पण द्रव निष्प्रभ निघेल.

इंटरफेरॉनचा पेच

इंटरफेरॉन-गॅमा हे मुख्यतः टी-पेशी आणि नॅचरल किलर पेशींचं उत्पादन मानलं जातं. डेंड्रायटिक पेशींनी ते भरपूर बनवलं हे लेखकांनी ठळकपणे मांडलं आणि ते ठळक आहेच. पण चाणाक्ष परीक्षक इथे एक प्रश्न विचारेल: वाढवलेल्या त्या मिश्रणात दुसऱ्या जातीच्या थोड्या पेशी राहिल्या होत्या का? थोड्याशा किलर पेशीही बरंच इंटरफेरॉन बनवू शकतात. प्रतिकारशास्त्रात हा वाद जुना आहे, याच प्रयोगापुरता नाही. माझ्या मते या पेचाने कामाची किंमत फारशी घटत नाही. द्रवाने कोणाला का होईना जोरात हलवलं, एवढं टिकतं. फक्त ‘डेंड्रायटिक पेशींनीच’ हा शब्दप्रयोग जपून वापरायला हवा.

शरीराबाहेरचा मार्ग

पेशी शरीराबाहेर काढून त्यांना शिकवायचं आणि परत सोडायचं, हा मार्ग 2013 मध्ये काल्पनिक नव्हता. 2010 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रोस्टेट कर्करोगासाठी सिप्युल्यूसेल-टी ला मान्यता दिली होती. रुग्णाच्या रक्तातल्या पेशी काढायच्या, कर्करोगाच्या एका प्रथिनासोबत त्यांना वाढवायचं, साधारण दोन-दोन आठवड्यांनी तीनदा परत द्यायचं. मध्यक आयुर्मान 21.7 महिन्यांवरून 25.8 महिन्यांवर गेलं. पूर्ण उपचाराची किंमत 93,000 डॉलर होती, आणि ते बनवणारी डेंड्रिऑन कंपनी 2014 च्या नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. स्टाइनमन यांना स्वतःला 2007 मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. त्यांनी आपल्याच शोधावर आधारलेले प्रायोगिक उपचार घेतले, आणि 2011 मध्ये नोबेल जाहीर होण्याच्या तीन दिवस आधी ते गेले. ते अपेक्षेपेक्षा जास्त जगले, पण एका माणसावरून उपचाराचं माप काढता येत नाही.

या पार्श्वभूमीवर जॉर्जियाच्या मांडणीचा फायदा कळतो. बशीत प्रकाशाला खोली आड येत नाही. ऑक्सिजन मुबलक असतो. रुग्णाला उन्हापासून लपावं लागत नाही. एका ठरावीक प्रथिनाऐवजी गाठीतल्या सगळ्याच खुणा द्रवात येतात, त्यामुळे एक खूण झाकून कर्करोग निसटला असं होण्याची शक्यता कमी.

पण हीच यादी दुसऱ्या बाजूने वाचली की कामं शिल्लक दिसतात. सगळ्याच खुणा येतात म्हणजे निरोगी पेशींत असलेली प्रथिनंही येतात, आणि प्रतिकारयंत्रणा त्यांच्यावरही उलटू शकते. एमसीएफ-7 च्या बशीत सगळ्या पेशी जवळपास सारख्या. शस्त्रक्रियेत निघालेल्या गाठीत तंतुपेशी, रक्तवाहिन्यांच्या पेशी, मेलेला भाग असं सगळं मिसळलेलं असतं, आणि प्रत्येकीच्या मायटोकॉन्ड्रियाचा विद्युतदाब वेगळा. द्रवात एकही जिवंत कर्कपेशी राहता कामा नये, हे तर आधी सिद्ध करावं लागेल. शिवाय द्रवात उरलेले कण आणि रंगद्रव्यही जातात; त्यांनीच डेंड्रायटिक पेशी चेतवल्या नाहीत ना, हे प्रत्येक वेळी अंधारात ठेवलेल्या तशाच बशीशी ताडून पाहावं लागतं.

माझ्या दृष्टीने सगळ्यांत आधी करायची तुलना साधी आहे. तीच पेशी, तेवढ्याच पेशी मेलेल्या, पण चार वेगळ्या जागी घाव घालून: मायटोकॉन्ड्रिया, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम (प्रथिनं घडवणारं पटलांचं जाळं), लायसोसोम (पेशीतली पचनाची पिशवी) आणि बाहेरचं पटल. पाचवी बशी नुसती गोठवून-वितळवून फोडलेली. पाचही द्रव डेंड्रायटिक पेशींना द्यायचे, त्या पेशी गाठ असलेल्या प्राण्याला द्यायच्या, आणि गाठ लहान होते का ते पाहायचं. इंटरफेरॉनचा आकडा तिथे दुय्यम ठरतो. मायटोकॉन्ड्रियाचा द्रव इतर चारांपेक्षा सरस निघाला तर टीपीपीवर घेतलेले कष्ट सार्थ ठरतील. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमचा द्रव सरस निघाला तरी शरीराबाहेर प्रकाश टाकण्याची ही वाट तशीच उपयोगाची राहील, फक्त कणाच्या टोकावरचा पत्ता बदलावा लागेल.